हॉव्हर जमत नाही म्हणालास, म्हणून

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरच्या फ्लाइट सिम्युलेटरबद्दल काल फोनवर म्हणालास, "आई, विमान सरळ उतरवता येतं मला, पण हेलिकॉप्टर पाच सेकंदही एका जागी थांबत नाही. सोडून देतोय." तेव्हापासून मन तिथेच अडकलंय. तू हॉस्टेलला गेल्यावर तुझी जुनी जॉयस्टिक मी बाहेर काढली, हे तुला माहीत आहे. पण रोज रात्री अर्धा तास मी फक्त हॉव्हरच, म्हणजे हवेत एका जागी थांबणंच, करतेय, हे सांगायचं राहून गेलं. चार महिने झाले. आता बेल ४०७ हेलिकॉप्टर धावपट्टीच्या पांढऱ्या पट्टीवर मिनिटभर धरता येतं.

सगळ्यात आधी एक कर. कधी बेल, कधी काब्री, असं आलटून पालटून घेणं बंद कर. काब्री जी२ फ्रेंच आहे. तिचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरची पाती, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि बेलचा त्याच्या उलट. रोटर ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेला हेलिकॉप्टरचं धड फिरू पाहतं. म्हणून बेलमध्ये कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी लिव्हर, उचललास की नाक उजवीकडे पळतं आणि डावं पेडल द्यावं लागतं. काब्रीत नेमकं उजवं. एकाच संध्याकाळी तू पायांना दोन उलट गोष्टी शिकवत होतास, ते तरी काय करणार? महिनाभर एकच हेलिकॉप्टर घे.

आता हाताचं. खरी अडचण तिथेच आहे. विमान नीट ट्रिम केलेलं, म्हणजे दांड्यावर जोर न देता सरळ उडेल असं बसवलेलं, असेल आणि हात सैल सोडलास तर ते बरंचसं स्वतःला सावरून घेतं. हॉव्हरमधलं हेलिकॉप्टर सावरत नाही. सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूंना नेणारा दांडा, जरा पुढे गेला की पात्यांची चकती पुढे कलते, मागोमाग धड कलतं आणि मग ते सरकायला लागतं. सरकलेलं तुझ्या डोळ्यांना दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो. तू घाबरून दांडा मागे ओढतोस, तोही गरजेपेक्षा जास्त, आणि तो परिणाम दिसेपर्यंत तसाच धरून ठेवतोस. मग झोका मागे, पुन्हा पुढे, प्रत्येक वेळी मोठा. पहिल्या महिन्यात माझंही रोज हेच व्हायचं आणि मनगट दुखून यायचं.

दिलेलं लगेच परत घ्यायला लागले, तेव्हा ते सुटलं. सरकायला लागलं की उलट दिशेला नखभर दाब द्यायचा आणि हेलिकॉप्टर थांबायच्या आधीच त्यातला बराचसा काढून घ्यायचा. मी मूठ आवळत नाही. कोपर मांडीवर टेकवते, दांडा अंगठा आणि दोन बोटांत धरते. तळहातावर काठी तोलताना हात जसा सारखा, पण इवलासा हलत असतो, तसंच हे. आणि काठी तोलताना नजर तळहाताकडे नसते, टोकाकडे असते. इथेही समोरच्या जमिनीकडे बघू नकोस, दूर क्षितिजाकडे बघ. हे एक बदललं आणि माझे झोके त्याच रात्री निम्म्यावर आले.

आणखी एक, जे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. नाक सरळ ठेवायला शेपटीचा रोटर जो जोर लावतो, तो अख्ख्या हेलिकॉप्टरला बाजूला ढकलतो. बेल त्यामुळे उजवीकडे सरकतं. सायक्लिक थोडा डावीकडे धरूनच हॉव्हर होतो. मधोमध म्हणजे स्थिर, असं नसतं. तुझ्या जॉयस्टिकची स्प्रिंग तर दांडा सारखा मध्यावर खेचते. म्हणून ट्रिमचं बटण हाताशी लावून घे. टेबलावरच्या थ्रॉटलचा अक्षही उलटा करून घे. खरा कलेक्टिव्ह वर ओढला की हेलिकॉप्टर वर जातं, तसंच लिव्हर स्वतःकडे ओढल्यावर व्हायला हवं.

वरून उतरताना दगडासारखं पडलं आणि कलेक्टिव्ह ओढला तर आणखी जोरात पडलं, असंही म्हणालास. त्यात सिम्युलेटरची काही चूक नाही. वेग ३० नॉटच्या आत आणि उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांहून जास्त असला, की रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसायला लागतो. त्यात ताकद वाढवली की भोवरे अजून माजतात. सायक्लिक पुढे ढकल, वेग घे, त्या हवेतून बाहेर पड. साधारण १६ ते २४ नॉटच्या दरम्यान एक थरथर येईल आणि मग रोटरला स्वच्छ हवा मिळून हेलिकॉप्टर आपोआप उचललं जाईल. तो क्षण मला फार आवडतो.

इगोर सिकोर्स्की १४ सप्टेंबर १९३९ ला त्यांचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर घेऊन जमिनीवरून उचलले गेले, ते काही सेकंदच, आणि यंत्र दोरखंडांनी बांधलेलं होतं. दोर सोडून पहिलं उड्डाण झालं १३ मे १९४० ला. मध्ये आठ महिने गेले, बाळा. ज्याने ते यंत्र स्वतः बनवलं, त्याचे आठ महिने. तू तीन आठवड्यांत सोडायची भाषा करतोस, ते मला सहन होत नाही.

रविवारी रात्री फोन कर. उड्डाण करायचंच नाही. कलेक्टिव्ह फक्त इतकाच उचल की स्किड, म्हणजे चाकांच्या जागी असलेले खालचे दांडे, जमिनीला जेमतेम टेकलेले राहतील आणि तेवढ्यातच नाक समोरच्या एका खुणेवर धरून ठेव. फोनचा कॅमेरा टेबलाखाली लाव. स्क्रीन नको दाखवूस, मला तुझे पाय बघायचेत.

तुझी,
आई