उसाच्या बिलाला १४ दिवस, मग संशोधकाच्या मानधनाला किती?

प्रति,
माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री (स्वतंत्र प्रभार),
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : प्रकल्पांवर काम करणाऱ्या संशोधकांना दरमहा मानधन मिळण्याबाबत, आणि पिकांवरच्या संशोधनाची मुदत पिकाच्या हिशोबानं ठरवण्याबाबत.

महोदय,

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. सगळे कारखाने ते पाळतात असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पाळत असते तर दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद कशाला भरली असती? पण नियम कागदावर आहे, म्हणून भांडायला जागा आहे. साखर आयुक्तांकडे जाता येतं, थकवणाऱ्या कारखान्यावर वसुलीची कारवाई होऊ शकते. शिरोळ-हातकणंगल्याकडं चहाच्या गाड्यावर बसलेला माणूससुद्धा हे ‘चौदा दिवस’ तोंडपाठ सांगतो.

मी याच उसावर काम करते. मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करून आता कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीवर काम करणारी संशोधक, आहे. उसाच्या बिलाला तारीख आहे. उसावर संशोधन करणाऱ्या माझ्या मानधनाला मात्र ती नाही.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे तक्रार कुठून येते ते कळेल.

आमच्या भागात पाण्याची कमतरता नव्हती, उलट पाणी जास्त झालं. वर्षानुवर्षं पाटपाणी आणि उपसा योजनांचं पाणी उसाच्या सऱ्यांत सोडलं गेलं, काळ्या जमिनीतून निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपड जमिनी दिसायला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसतो आणि बांधाकडेला वेडी बाभूळ माजलेली असते. शिरोळच्या दत्त कारखान्यानं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचऱ्याचं मोठं काम केलं आहे, आणि खरा इलाज तोच आहे. पण पाइप घालायला खर्च येतो, सगळ्यांचं रान एकाच वेळी व्हावं लागतं, आणि पाणी सोडायला ओढा-नाला हवा. तोवर ज्याचं रान खारट आहे त्यानं काय लावायचं?

तो ‘दोनशे पासष्ट’ लावतो. म्हणजे फुले २६५, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जात. सगळीकडे चालणारी जात ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’, को ८६०३२. चांगल्या रानात तीच हवी, पण खारट रानात ती बसते आणि २६५ उभी राहते, हा शेतकऱ्यांचा अनुभव आहे आणि शिफारसही तशीच आहे. कारखान्यांची २६५ च्या उताऱ्याबद्दल, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याबद्दल, कुरकुर असते, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला. मग सरळ प्रश्न पडतो : २६५ च्या मुळांत आणि पानांत असं काय चालतं, की सोडियम तिला ८६०३२ इतका मारत नाही? ते जनुक सापडलं, तर उतारा न गमावता खारट रानात टिकणारी जात करता येईल का? माझं काम एवढंच. प्रश्न एका ओळीत मावतो, उत्तराला मात्र वर्षं लागतात.

ऊस मुळातच क्षारांना हळवा. मातीची क्षारता मीटरला १.७ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचं उत्पादन घटायला लागतं. आम्ही शेडनेटमध्ये कुंड्यांत दोन्ही जाती लावतो, मिठाचं पाणी देतो आणि ठरलेल्या तासांना पानं कापतो. कापलेलं पान त्याच क्षणी उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवावं लागतं, नाहीतर त्यातला आरएनए (कुठलं जनुक किती चालू आहे ते सांगणारा रेणू) मिनिटांत तुटायला लागतो आणि पानाला कापल्याचा जो धक्का बसतो तोच आपण मिठाचा परिणाम म्हणून मोजत बसतो. रात्री दोनचा नमुना असेल तर रात्री दोनलाच हजर. त्यात उसाचं पान म्हणजे साखर आणि फिनॉल यांचा चिकट गोळा. भाताच्या पानातून सहज निघणारा आरएनए इथं तपकिरी होऊन बसतो. पावसाळ्यात वीज गेली की उणे ८० च्या फ्रीजरजवळ जनरेटर सुरू होईपर्यंत उभं राहायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, तेव्हा शहरात दूध आणि पेट्रोल येत नव्हतं. रसायनं आणि नायट्रोजनबद्दल बोलायची कुणाची हिंमत होणार?

आणि उसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर. भाताची गुणसूत्रं २४, अक्षरं ४० कोटींच्या आसपास. आजच्या उसात गुणसूत्रं शंभराच्या वर, अक्षरं हजार कोटींच्या घरात, आणि एकेका जनुकाच्या दहा-बारा प्रती. आर५७० या एका जातीचा नीट जुळवलेला जीनोम ‘नेचर’मध्ये छापून यायला २०२४ उजाडलं. भातात एक जनुक बदलायचं म्हणजे दोन प्रती बदलायच्या. उसात तेच करायचं तर दहा-बारा, आणि कुठली प्रत खरं काम करते ते आधी शोधायचं.

४ मे २०२५ ला दिल्लीत जीनोम संपादन केलेल्या दोन भाताच्या जाती जाहीर झाल्या, कमला आणि पूसा डीएसटी राइस १. दुसरी क्षार सहन करणारी. आम्हाला आनंद झाला, प्रयोगशाळेत पेढे आले. तो कृषी खात्याचा कार्यक्रम होता, तरी इथं मुद्दाम काढते, कारण ते काम २०१८ ला सुरू झालं होतं. सोप्या जीनोमच्या, चार-पाच महिन्यांत काढणीला येणाऱ्या पिकाला ७ वर्षं लागली.

आता माझ्या मुदतीचा हिशोब बघा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो १६ ते १८ महिन्यांनी तुटतो. समजा, एखाद्याला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली आणि तो नोव्हेंबरमध्ये रुजू झाला. लावणीला जुलै उजाडणार, म्हणजे ८ महिने गेले. १७ महिन्यांनी तोड, म्हणजे पंचविसावा महिना. फेलोशिप चोविसाव्या महिन्यात संपली. ऊस रानात उभा आहे आणि त्याचं वजन, उतारा, रसातला सोडियम मोजणारा माणूस घरी गेला आहे. खोडव्याचं, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचं, तर नावच नको. खरं म्हणजे खारट रानाची परीक्षा खोडव्यातच होते, कारण लावणीच्या उसानं जे कसंबसं सोसलं ते खोडव्याला सोसत नाही.

यावर उत्तर मिळतं की मुदतवाढ मागा. ती मिळते, पण वाढीव पैशाशिवाय. प्रकल्प जिवंत राहतो आणि माणसाच्या पगाराच्या रकान्यात शिल्लक असेल तरच त्याला पगार. मग कुंड्यांना पाणी कोण घालणार? बहुतेक वेळा तोच घालतो, फुकट, कारण पेपर त्याचाच आहे.

दरांबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम सांगते. जून २०२३ च्या आदेशानं रिसर्च असोसिएटचं, म्हणजे माझ्यासारख्या पोस्टडॉकचं, मानधन पायरीप्रमाणे ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये झालं, वर घरभाडं. सरकारी घरभाड्याच्या वर्गवारीत कोल्हापूर मधल्या, ‘वाय’ वर्गातलं शहर, म्हणजे घरभाडंही बरं. तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे मित्र हे आकडे ऐकून हसतात, आणि ते बरोबरच हसतात. माझा प्रश्न एवढाच की कागदावरचे ५८,००० हातात कधी येतात.

गेल्या वर्षी उन्हाळाभर आले नाहीत. कुणी मुद्दाम अडवले नव्हते, म्हणून कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही. गोष्ट रचनेची आहे. प्रकल्पाचा पैसा आता शून्य शिलकीच्या खात्यातून येतो, म्हणजे रोख नाही तर खर्चाची मर्यादा मिळते, ३१ मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते, नव्या वर्षाचा हप्ता सुटायला खर्चाचं विवरण आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) लागतं, त्यावर लेखापरीक्षकाची सही लागते. या साखळीत उपकरणं, रसायनं आणि माणूस एकाच दोरीला बांधलेले आहेत. एखाद्या सेंट्रिफ्यूजचं बिल अडकलं, की प्रमाणपत्र अडकतं, आणि प्रमाणपत्र अडकलं की माझ्या घरमालकाचं भाडं अडकतं. सेंट्रिफ्यूजला एप्रिल-मेमध्ये भूक लागत नाही, हा फरक त्या साखळीला कळत नाही.

मोठ्या संस्थांकडे गंगाजळी असते. हप्ता आला नाही तर त्या दोन-चार महिने स्वतःच्या पैशातून पगार करू शकतात. राज्य विद्यापीठं आणि जिल्ह्याच्या गावातली महाविद्यालयं कुठून करणार? त्यामुळे एकाच नियमाचा फटका दिल्ली-बंगळुरूला वेगळा बसतो आणि कोल्हापूरला वेगळा. मग विचारलं जातं की चांगली मुलं छोट्या शहरातून का जातात. माझ्या बरोबरीची जर्मनीला गेली, काही कंपनीत गेली, एक जण आता स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतो आणि मजेत आहे.

आपल्या खात्याकडून आणि सरकारकडून चांगलं काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. जून २०२५ मध्ये खरेदीचे नियम सैल झाले, २ लाखांपर्यंतची वस्तू दरपत्रकं न मागवता घेता येऊ लागली, संस्थाप्रमुखांचे अधिकार वाढले. प्रयोगशाळेतल्या कुणालाही विचारा, याचा उपयोग झाला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के झालं होतं. आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो, पण ओरड झाल्यावर काही दिवसांतच संशोधनासाठी ते पुन्हा १० टक्क्यांवर आलं. म्हणजे मनात आणलं तर आदेश आठवड्यात फिरतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

साखर धंद्याबद्दलही एक बोलते, कारण संशोधनाला पैसा देणाऱ्या नव्या केंद्रीय संस्थेच्या, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या, ५ वर्षांच्या ५०,००० कोटींतला मोठा वाटा खाजगी क्षेत्रातून यायचा आहे. उसाचं पान ज्या वेगळ्या रीतीनं कार्बन पकडतं, ती आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत सी-४ मार्ग म्हणून आहे. तिची पहिली चिन्हं हवाईतल्या ऊस मळेवाल्यांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत दिसली, आणि १९६६ साली हॅच व स्लॅक यांनी ती ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात उलगडली. त्या कंपनीनं उतारा किती वाढेल असं दर मार्चला विचारलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज आपणच करावा. आमच्या जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत. त्यांनी एकेक पोस्टडॉक पोसायचं ठरवलं, तर केंद्रानं तेवढीच भर घालावी. पण तीही पगाराच्या आजच्या साखळीत अडकणार असेल, तर नको.

म्हणून मागणी. माणसाचा पैसा प्रकल्पाच्या बाकी पैशापासून तोडावा. उपकरणं आणि रसायनं विनियोग प्रमाणपत्रावर थांबली तर थांबू देत. मानधन मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला थेट संशोधकाच्या खात्यात जावं, हजेरीला मार्गदर्शकाची ऑनलाइन मंजुरी पुरेशी असावी, ३१ मार्च मध्ये येऊ नये. उशीर झालाच, तर उसाच्या बिलासारखं १४ दिवसांनंतर व्याज लागू व्हावं. व्याजाच्या रकमेत मला रस नाही. कुणाच्या तरी टेबलावर ते वाढताना दिसलं पाहिजे, एवढंच. आणि उभ्या पिकावरच्या कामाची मुदत लावणीपासून मोजावी, रुजू झाल्याच्या तारखेपासून नको. उसासाठी लावण आणि एक खोडवा धरून माणसाच्या पगारासकट किमान ४ वर्षं द्यावीत. दर दोन वर्षांनी कामाचा कडक आढावा घ्या, काम नसेल तर थांबवा. आढाव्याला आम्ही घाबरत नाही.

याला संसदेत कायदा करावा लागत नाही. २०२३ मध्ये मानधनाचे दर ज्या प्रकारच्या कार्यालयीन आदेशानं वाढले, तसाच एक आदेश अर्थ खात्याशी बोलून काढता येईल. आडसालीची लावण जुलैत सुरू होते. आदेश त्याआधी निघाला तर या हंगामाच्या कुंड्या आणि प्लॉट नव्या हिशोबात धरता येतील. जुलैनंतर निघाला, तर पुढच्या वर्षाच्या लावणीची वाट बघावी लागेल.

आपली विश्वासू,
उसावर काम करणारी एक पोस्टडॉक,
कोल्हापूर