पित्ताच्या गोळीला मुदत हवी

माननीय संपादक,

औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं की पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप लगेच हातात पडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, ही सूचना त्याच स्ट्रिपवर छापलेली असते. ती ना दुकानदार वाचतो, ना गिऱ्हाईक. माझ्या शेजारच्या काकूंना ही गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. आज कित्येक वर्षं सकाळच्या चहाआधी ती चालूच आहे.

ही गोळी जठरातलं आम्ल कमी करते. पण ते आम्ल उगाच नसतं. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात. प्रथिनं पचवणारं पेप्सिन आम्लाशिवाय कामाला लागत नाही. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आणि लोह शोषलं जायलाही ते लागतं. शाकाहारी ताटात दूध-दही सोडलं तर बी-१२ जवळपास नसतंच. त्यात वर्षानुवर्षे गोळी घेतली, की बी-१२ कमी पडून थकवा आणि हातापायांना मुंग्या येण्याची भीती वाढते.

अल्सर असलेल्यांना किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या काही रुग्णांना ही गोळी खरंच गरजेची असते. त्यांनी ती मनाने बंद करू नये. अचानक थांबवली तर काही दिवस जळजळ उलट वाढते, म्हणून इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

डॉक्टरांना कळकळीची विनंती: चिठ्ठीवर गोळी कधी सुरू करायची ते लिहिता, तशी थांबवायची तारीखही ठळक लिहा.

– एक वाचक, सातारा