ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीवर जाऊन आलेल्या कोल्हापूरच्या ट्रेकर मंडळींकडून मनापासून आभार.

पहिला मान गंधक वाहणाऱ्या कामगारांचा. खांद्यावरच्या बांबूला दोन टोपल्या, त्यांत 70 ते 90 किलो पिवळीधमक ढेकळं, तरीही थांबून वारा कुठे फिरतोय ते सांगणार. त्यांना वाट देताना डोंगराच्या अंगाला सरकावं. दरीकडे उभं राहिलं आणि टोपलीचा धक्का लागला, तर तोल गेलाच.

मास्क भाड्याने देणाऱ्या दादांनी प्रत्येकाचा मास्क स्वतः तपासला. आम्लवायूंसाठी पिवळ्या पट्ट्याचाच फिल्टर लागतो. त्यावर तळहात दाबून श्वास ओढायचा; मास्क गालांना घट्ट ओढला गेला तर बरोबर. दाढी असेल तर फट राहते, म्हणून आदल्या दिवशीच काढावी. ओल्या रुमालावर विसंबू नये. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खोलगटात साचतो. धूर अंगावर आला की खाली न बसता वाऱ्याला आडवं होत बाजूला निघायचं.

चढाई सुरू होते त्या पालटुडिंगपासून ज्वालामुखीच्या विवराच्या काठापर्यंत 3 किलोमीटरच, पण चढ छातीवरचा आणि उतरताना पायाखालची बारीक खडी सरकते. तिथे बुटांचे तळवे टिकले ते कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीजवळच्या काकांमुळे: नुसता गोंद जुना झाला की सुटतो म्हणून त्यांनी चौफेर शिलाई मारून दिली.

आणि जोतिबाच्या पायऱ्यांवर पाठीवर 8 किलो घेऊन सराव चालायचा तेव्हा ताकाचे पैसे न घेणाऱ्या मावशी, तुमचेही!