मॉस्कोनी, एफ्रेन आणि तुमचं भांडण

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी तावातावाने सांगत होतीस. होस्टेलवर मैत्रिणीशी जुंपली, ती म्हणते शेन व्हॅन बोनिंग, तू म्हणतेस एफ्रेन रेयेस. आणि वर मला, "बाबा, तुम्हीच सांगा, पूलमध्ये सगळ्यांत मोठा खेळाडू कोण?" असं फोनवर घाईत सांगता येत नाही गं, म्हणून लिहायला बसलो.

रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर राजवाड्याकडून पार्लरला गेलो. टेबल रिकामं होतं, एकट्यानेच स्ट्रेट पूल लावला. तुम्ही मुलं हा खेळत नाही. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटात, पण आधी सांगून. एका बॉलचा एक गुण. चौदा गेले की पंधरावा जिथे असेल तिथेच राहू द्यायचा, चौदा पुन्हा रॅकमध्ये, म्हणजे त्रिकोणी चौकटीत लावायचे, आणि तो पंधरावा घालता घालता पांढऱ्यानेच, म्हणजे ज्याला क्यूने मारतो त्या बॉलने, ती रचना फोडायची. दोन रॅक निभावले. तिसऱ्यात पांढरा कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, असा चिकटला, की क्यू टेकवायला जागा नाही. अमेरिकेचा जुना दिग्गज विली मॉस्कोनी, त्याने 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला सलग 526 घातले होते. म्हणजे सदतीस रॅक आणि वर आठ बॉल. इतक्यांदा पांढऱ्याला हवं तिथे थांबवायचं! ते टेबल आठ फुटी, म्हणजे नेहमीच्या नऊ फुटीपेक्षा लहान होतं म्हणून लोक नाकं मुरडतात. पुढे 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 केले, 2022 मध्ये जेसन शॉने 714. पण हे दोघं विक्रमासाठीच दिवसचे दिवस प्रयत्न करत बसले होते. मॉस्कोनी प्रदर्शनीय सामना खेळायला गेला होता आणि समोर माणसं बसली होती. मला हा फरक आकड्याहून मोठा वाटतो.

आता तुझ्या मैत्रिणीचा शेन. नाइन बॉलमध्ये सगळ्यांत लहान आकड्याच्या बॉलला आधी लागावंच लागतं, आणि ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका, बसला तर समोरचा खुर्चीतच राहतो. शेनचा ब्रेक ही त्याची खरी दौलत. यूएस ओपन पाच वेळा, 2022 ला जगज्जेतेपद, आणि कानाला श्रवणयंत्र लावून. मॉस्कोनीच्या खेळाने असा ब्रेक त्याच्याकडे कधी मागितलाच नाही. मग त्यात मॉस्कोनी कमी पडला असता, हे कुणी कशावरून म्हणायचं?

एफ्रेनचं मात्र मला वेगळं वाटतं. मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला पोर, टेबलावरच झोपायचा, हात पुरत नाही म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा. 1996 ला हाँगकाँगमध्ये अर्ल स्ट्रिकलंडशी 120 डावांची शर्यत, तीही 120-117 ने जिंकली. 1999 ला कार्डिफमध्ये नाइन बॉलचा विश्वविजेता, 2004 ला अमिरातीतल्या फुजैराला एट बॉलचा. आणि वन पॉकेट, ज्यात प्रत्येकाला एकच पॉकेट आणि आठ बॉल, त्यात तर डोकंच चालवावं लागतं. तिथेही लोक त्यालाच गुरू मानतात. खेळ बदलला तरी हा तोच राहिला. माझं मत त्याला, आणि तुझी मैत्रीण रागावली तर रागावू दे.

तुझे आजोबा हाच वाद विल्सन जोन्सवरून घालायचे. 1958 चा हौशी बिलियर्ड्सचा विश्वविजेता, आपल्या देशाचा पहिला. त्यांच्यापुढे दुसरं नाव काढायची सोय नव्हती. मी पंकज अडवाणी म्हणायचो, कारण त्याने बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत जगज्जेतेपदं मिळवली. आजोबा चहा थंड होईस्तोवर गप्प बसायचे आणि मग म्हणायचे, "त्या काळी इतके खेळ, इतक्या स्पर्धा होत्या कुठे रे?" त्यांचंही बरोबर होतं.

दिवाळीला येशील तेव्हा मैत्रिणीलाही घेऊन ये. तुम्हा दोघींना वन पॉकेट शिकवतो. आई चकल्या जास्त करते म्हणाली आहे.

तुझा,
बाबा