काकी, आबांचा सदरा अजून खुंटीलाच आहे

काकी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'गप गं, लई शिकलीस' म्हणून उडवून लावता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

मागच्या आठवड्यात आबांचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत जो तो आबांच्या आठवणी सांगत होता आणि तुम्ही मागच्या दारी भांडी विसळत होतात. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

गेल्या वर्षी श्रावणात आबा गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. वय एक्याऐंशी. आई त्यांच्यापाशी कोल्हापूरला दवाखान्यात, बाबा पाळीला, आणि दावणीला दोन म्हशींसमोर पुण्याहून आलेली मी. पंढरपुरी बिचारी गरीब, कुणाच्याही हाताला देते. मुऱ्हाचं मात्र तुम्हाला माहीतच आहे. म्हातारपणी हौसेनं आबांनी ती हरियाणाची म्हैस आणली आणि तिला सवय लावली ती फक्त स्वतःच्या हाताची. माझ्या हाताला पहिल्या दिवशी तिनं कसंबसं अर्धा लिटर दिलं. दुसऱ्या दिवशी लाथ. चरवी एकीकडे, मी एकीकडे.

म्हशीच्या कासेत आयतं साठलेलं दूध अगदी थोडं असतं, वीस भागांतला जेमतेम एक. बाकीचं पान्हा सोडल्याशिवाय खाली उतरतच नाही, हे मला तेव्हा कळलं. एकानं सल्ला दिला, 'पान्ह्याचं इंजेक्शन दे, गपगुमान सोडंल.' आबांनी उभ्या आयुष्यात ती बाटली गोठ्यात येऊ दिली नव्हती. पण कास दगडासारखी होत चालली होती, दगडी (कासेची सूज) झाली तर सड जायचा, आणि खरं सांगते, तिसऱ्या रात्री मी त्या इंजेक्शनचा विचार केला होता.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला तुम्ही न बोलावता आलात. खुंटीवरचा आबांचा मळका सदरा लुगड्यावरून चढवलात, त्यांचाच टॉवेल डोक्याला गुंडाळलात आणि पेंडीची पाटी तिच्यापुढे सरकवून खाली बसलात. आबांसारखंच 'हूं बाय, हूं' सुरू केलंत. तिनं मान वळवून सदऱ्याचा वास घेतला. थोडा वेळ काहीच नाही. मग चरवीत धारेचा आवाज आला आणि मी गव्हाणीला टेकून रडले. तुम्ही म्हणालात, 'रडतीस काय, किटली घासून आण.'

तुमच्या घरी चार जनावरं, शिवाय संस्थेत दूध घालायची तुमचीही तीच वेळ. तरी सोळा दिवस, दोन्ही वेळा. वर आबांच्या डायरीत रोजचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लिहून ठेवत होतात. 'सकाळ ६.८, ९.१.' आकडे आबांसारखेच तिरके. दवाखान्यात आबांचा पहिला प्रश्न दुखण्याचा नसायचाच. 'फॅट किती लागली?' मी फोनवर वाचून दाखवायची. सातच्या वर गेली त्या दिवशी त्यांनी नर्सबाईंनासुद्धा सांगितलं.

पोरवयातले आबा तुम्ही पाहिले नसतील. त्यांचे वडील गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस उभी करायचे, आणि पोरगेला आबा वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन शिवाजी पुलावरून त्यांच्यामागं जायचा. तालमीतले पैलवान पुढ्यात धार काढून घेत आणि फेसासकट पीत. गोकुळ दूध संघ 1963 साली निघाला तेव्हा आबा विशीत होते. पुढं गावात दूध संस्था झाली, दहा दिवसांचं बिल हातात पडू लागलं, आणि त्याच बिलावर बाबांचं आयटीआय झालं, माझं इंजिनिअरिंगही. दिवाळीला दुधाच्या दराचा जो फरक मिळायचा, त्यात आत्याचं लग्न उरकलं. हे ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. दाखवायचे ते फक्त म्हशीची कास.

2019 च्या पुराचं मात्र तुम्हीच मला सांगितलंत. पाणी आपल्या चिखली गावात शिरायच्या आधी आबा आपली जनावरं उंचावरच्या सोनतळीला हाकत निघाले, ते तुमचीही दावी सोडूनच. काका तेव्हा शहरात अडकलेले. दूध संकलन बंद पडलं होतं, दूध घालायचं कुठं? तिथंच मोठ्या पातेल्यात तापवून पोराबाळांना वाटलं. मी विचारलं, 'त्याची फेड म्हणून आलात का?' तुम्ही चिडलात. 'फेड कसली? म्हस तटली हुती.'

आबा घरी आले, दिवाळीच्या पाडव्याला खुर्चीवर बसून मुऱ्हाची शिंगं रंगवून घेतली (हिरवा रंग का आणला म्हणून बाबांवर ओरडलेही), आणि तुळशीच्या लग्नानंतर तीन दिवसांनी गेले. शेवटचे दोन महिने त्यांनी धार काढली नाही, पण रोज अंगणातून आवाज ऐकला. पुढं तुम्ही आईला शेजारी बसवून शिकवलंत. आता मुऱ्हा देते आईच्या हाताला, पण सदरा घातला तरच.

तो सदरा परवा श्राद्धाच्या आवराआवरीत आत्यानं धुवायला काढला होता. मी हिसकावून परत खुंटीला लावला. मुऱ्हा सात महिन्यांची गाभण आहे, फाल्गुनात व्यायची. आईचा अजून धीर होत नाही, तेव्हा पहिल्या धारेला तुम्हीच बसायचं. पहिला चीक तुमच्याकडे पाठवणार आहे. खरवसात वेलदोडे घालू नका, आबांना आवडायचे नाहीत.

तुमचीच,
आबांची थोरली नात