जुने ब्रेक पॅड

ठाणे, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, याची मनापासून लाज वाटते. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी सर्व ठीक. आज लिहायला बसलो, कारण जे घडले त्याचा अर्थ तुलाच पुरता कळेल.

पावसाळ्याआधी घोडबंदर रस्त्यावरच्या एका गॅरेजात ब्रेकच्या कामासाठी गाडी दिली होती. संध्याकाळी साध्या कागदावर हाताने लिहिलेला हिशेब मिळाला: पुढचे ब्रेक पॅड नवे, डिस्क लेथवर घासली, ब्रेक ऑइल बदलले, एकूण ७,४०० रुपये. मी पैसे दिले आणि जुने पॅड मागितले नाहीत. ते मागावे लागतात हेच मला ठाऊक नव्हते, कारण वागळे इस्टेटमधल्या तुमच्या गॅरेजात काका काढलेला प्रत्येक भाग न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि म्हणत, "टाकायचा तर टाका, पण आधी बघा."

तीन आठवड्यांनी गायमुखच्या उतारावर, पुढे भरलेला ट्रक आणि मागच्या सीटवर आई असताना, ब्रेक दाबताच चाकातून कर्कश आवाज आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. ट्रकपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आई एक शब्दही बोलली नाही, आणि मला तेच अधिक लागले.

कळव्याच्या मेकॅनिकने चाक उघडले, तेव्हा साधारण १० मिलिमीटर जाडीच्या जागी जेमतेम २ मिलिमीटर पॅड उरला होता, डिस्कवर चरे पडले होते आणि ऑइल काळपट झाले होते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, मग तापल्यावर लवकर उकळते आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही, हे बारावीच्या सुट्टीत तूच मला समजावले होतेस. त्याच सुट्टीत तू जोडलेला हॉर्न ब्रेक दाबला की वाजायचा, आणि काका हसता हसता स्टुलावरून पडता पडता वाचले होते!

पहिल्या गॅरेजच्या मालकाने एवढेच सांगितले, "घाटात गाडी चालवता, पॅड झिजणारच." त्या क्षणी काका आठवले, आणि तू गॅरेज विकलेस तेव्हा "काकांचे नाव विकलेस" असे मी तुला बोललो होतो, तेही आठवले. तुझ्या डोक्यावर किती कर्ज होते, हे मी विचारलेसुद्धा नव्हते. मला क्षमा कर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी लिहून ठेवला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रीतसर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. परंतु कोणावर खोटा आळ येऊ नये, असे मला फार वाटते. पॅड बदललेच नव्हते, की हलक्या प्रतीचे नवे पॅड ६०० किलोमीटरमध्ये इतके झिजू शकतात, हे तुझ्या डोळ्यांनी पाहून सांग. तू सांगशील तेच मी तक्रारीत लिहीन.

नाशिकची नवी नोकरी मानवली का? वहिनींना नमस्कार, धाकटीला दहावीसाठी शुभेच्छा.

पुढच्या शनिवारी येतो. कळव्याहून ते पॅड मागून आणले आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत.

तुझाच,
ठाण्याचा मित्र