विषय : पेव्हर ब्लॉकच्या फटींतील तण आणि त्यावर ओतले जाणारे मीठ

मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

स. न. वि. वि.

आवारातल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत माजलेल्या तणाबद्दल मी आधी तोंडी सांगितले, मग लेखी दिले. ‘बघू’, ‘पावसाळा सरू द्या’, ‘सरला, आता आपोआप वाळेल’ अशी उत्तरे मिळाली. वाळले नाही. तरी गप्प बसलो, कारण वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. पण गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या सभासदांनी (नाव घेत नाही, आपल्याला ठाऊक आहे) पुन्हा फटींत मीठ ओतले आणि समितीने ग्रुपवर त्यांचे जाहीर कौतुक केले. म्हणून हे पत्र.

मिठाचा परिणाम आपण एकदा खाली उतरून पाहावा. ते पाण्याबरोबर उताराने वाफ्यात गेले. कुंपणाच्या मेंदीची पाने कडेने करपली आहेत. हराळी मात्र जशीच्या तशी, कारण ती खारट जमिनीतही तग धरते. तिचे धावते खोड ब्लॉकखालून सरकते आणि पलीकडच्या फटीतून डोके वर काढते. शिवाय खारे पाणी खांबांच्या बुडाशी मुरत राहिले तर आतल्या सळ्या गंजतात, ते वेगळेच. सामाईक जागेत समितीच्या मंजुरीशिवाय काही करायचे नाही, हा नियम माझ्या कुंड्यांच्या वेळी मला भर सभेत वाचून दाखवला होता. तो मिठाला लागू नाही काय?

त्याआधी समितीने प्रेशर वॉशर आणवला. चकचकीत दिसले, फोटोही निघाले. पण त्या माऱ्याने फटींतली वाळू उडाली. रिकाम्या फटीत धूळ नि पालापाचोळा साठतो आणि वाऱ्याने आलेले बी त्यात रुजते. हे तण बहुतेक असे वरूनच येते, खालून नाही. म्हणजे पैसे मोजून आपण तणासाठी वाफे करून घेतले.

यावर फार खर्च लागत नाही. फट ओली असताना, तण फुलावर येण्याआधी, खुरप्याच्या टोकाने मुळासकट काढावे. उपटलेली घोळ तिथेच टाकू नये, ओल मिळताच पुन्हा मूळ धरते. कोवळ्या रोपांना उकळते पाणी पुरते. जुन्यांना ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहतात, तो परत येणारच, परत काढायचा. व्हिनेगरने पाने जळतात, मूळ शाबूत राहते. मग कोरड्या दिवशी बारीक सुकी वाळू झाडूने फटींत काठोकाठ भरावी. आणि रोजचा झाडू सगळ्या आवारात फिरावा. सध्या तो फक्त समितीच्या कार्यालयासमोर फिरतो.

माझ्या मजल्यावर सर्वांचे हेच मत आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनीही परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या की त्या गवतावरून पाय घसरतो. त्यांची सही घेतलेली नाही, पण वेळ आल्यास देतील. काही जण ‘फटी सिमेंटने बुजवा’ म्हणतात. मग पाणी मुरायचे कुठे? आणि खालची पाइपलाइन दुरुस्त करायची तर ब्लॉक फोडावे लागतील. त्याला माझा विरोध आत्ताच नोंदवून घ्यावा.

तरी मीठ टाकण्यास मनाई करणारी सूचना फलकावर लावावी, मेंदीचा खर्च संबंधित सभासदांकडून घ्यावा आणि वाळू भरण्याची तारीख कळवावी. त्यांना तणाची एवढीच हौस असेल तर खुरपे मी देईन.

या पत्राची पोच मिळावी. आधीच्या पत्रांची मिळालेली नाही.

आपला,
बी विंगमधील एक नियमित देखभाल शुल्क भरणारा सभासद